पितळी डबी कुणाला, मसाल्याचा डबा कुणाला



दर डिसेंबरात एक गोष्ट फिरते. १९१४ चा नाताळ. फ्रान्स-बेल्जियममधले खंदक, गुडघाभर चिखल, समोर जर्मन. त्या दिवशी काही ठिकाणी बंदुका थांबल्या. दोन्हीकडचे शिपाई वर आले, एकमेकांना सिगारेटी दिल्या, मधे पडलेली प्रेतं पुरली. मग आपापल्या खंदकात बसून घरी पत्रं लिहिली. आई, नाताळच्या शुभेच्छा, मी खुशाल आहे. गोष्ट खोटी नाही. हिंदुस्थानातले गढवाली शिपाईसुद्धा त्यात होते. पण गोष्ट सांगून झाली की सांगणारा पांढरपेशा डोळे पुसतो आणि म्हणतो, बघा, शेवटी माणूस तो माणूसच. रणांगणावरून घरी धाडलेल्या शुभेच्छेला ना जात, ना धर्म, ना हुद्दा.

इथंच मी त्याचा हात धरतो. थांब म्हणतो. आधी यादी बघ.

होय, यादी. शुभेच्छांची यादी असते. त्याच १९१४ च्या ऑक्टोबरात इंग्लंडात राजकन्या मेरीच्या नावानं फंड काढला. पोरगी १७ वर्षांची. लढणाऱ्या प्रत्येक शिपायाला आणि खलाशाला नाताळची भेट द्यायची म्हणून. भेट म्हणजे एक पितळी डबी. झाकणावर राजकन्येचा चेहरा उठवलेला. आत एक कार्ड. नाताळ सुखाचा जावो, नवं वर्ष विजयाचं जावो. त्या नाताळापर्यंत साडेतीन लाखांवर डब्या वाटून झाल्या. पुष्कळ शिपायांनी ती डबी जशीच्या तशी घरी धाडली. बायकोला, आईला. आज विलायतेत त्या डब्या कपाटात जपून ठेवतात, पोराबाळांना दाखवतात.

आता कुणाच्या वाट्याला काय आलं ते नीट वाचा.

तंबाखू ओढणारा गोरा : पितळी डबी, तंबाखू, सिगारेटी, पाइप, कार्ड.
न ओढणारा गोरा : पितळी डबी, चघळायच्या गोळ्या, खाकी पाकिटात पेन्सिल, कागद आणि लखोटे, कार्ड.
गुरखा : गोऱ्यासारखंच.
शीख : पितळी डबीत खडीसाखर, सोबत मसाल्याचा टिनचा डबा, कार्ड.
बाकीचे हिंदी शिपाई : पितळी डबीत सिगारेटी आणि खडीसाखर, सोबत मसाल्याचा डबा, कार्ड.
आणि पलटणीमागनं चालणारे कामकरी, ज्यांना यादीत सरसकट ‘भिस्ती’ असं एकच नाव दिलं : मसाल्याचा डबा आणि कार्ड.

पितळी डबी नाही.

पलटणीमागनं चालणारे म्हंजे कोण? पखालीनं पाणी वाहणारे. शिपायांचा मैला उचलणारे. कातडं शिवणारे. कपडे धुणारे. खेचरं हाकणारे. म्हंजे कोण, हे तुम्हाला मी फोडून सांगायला नको. ज्यांच्या हातचं पाणी चालत नाही आणि ज्यांच्या हाताशिवाय संडास निघत नाही, ते.

कुणी म्हणेल, अरे, साहेबाला बिचाऱ्याला जात काय कळणार, त्यानं आपला खर्चाचा हिशेब केला. खोटं! ज्या कमिटीला शीख तंबाखू ओढत नाही एवढं ठाऊक होतं, हिंदी माणसाला जेवणात मसाला लागतो एवढं ठाऊक होतं, तिनं खूप चौकशी केली होती. प्रत्येकाच्या धर्माची, जिभेची काळजी घेतली होती. ती काळजी वरनं उतरत उतरत भिस्त्याच्या पायरीला आली आणि तिथं तिच्यातलं पितळ संपलं. विलायतेची पायरी आणि मनूची पायरी एकाच जिन्याची निघाली.

मी सूतगिरणीत रिंग फ्रेमवर आहे. आमच्याकडं दिवाळीला हीच यादी लागते. कायम कामगाराला किलोचा मिठाईचा डबा, वर गिरणीचं नाव छापलेलं. कंत्राटी पोराला अर्धा किलो, साध्या पुड्यात. संडास धुणारी बाई ठेकेदाराच्या ठेकेदाराची. तिचं नाव कुठल्याच यादीत नसतं, उरलंसुरलं तिच्या पदरात पडतं. आणि फाटकावर कापडी फलक – सर्व कामगार बंधू-भगिनींना दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा. फलकावर सर्व असतात. यादीत नसतात. म्हणून सांगतो, शुभेच्छा वाचायची असली तर फलक वाचू नका, यादी वाचा.

आता त्या यादीतली पेन्सिल बघा. माझा खरा मुद्दा तो आहे. कागद-पेन्सिल वरच्या खान्यात आहे. त्याच्या खाली खडीसाखर. त्याच्या खाली नुसता मसाला. म्हंजे वरच्यानं घरी लिहावं, मधल्यानं तोंड गोड करावं आणि खालच्यानं रांधावं. आणि भिस्त्याला जे कार्ड दिलं ते इंग्रजीत. शुभेच्छा मिळाली, पण वाचता येऊ नये अशी मिळाली. उलट टपाली पाठवायला तर साधनच नाही.

ज्यांनी लिहिलं त्यांचंही काय झालं ते ऐका. १९१४-१५ साली फ्रान्समध्ये लढणाऱ्या हिंदी शिपायांपैकी बहुतेकांना लिहिता येत नव्हतं. ते सांगायचे, लिहिणारा दुसराच. मग ते पत्र पलटणीत तपासायचे, पुढं सरकारी सेन्सॉर तपासायचा. हॉवेल नावाचा साहेब त्या कचेरीचा मुख्य. त्यानं आणि त्याच्या माणसांनी पत्रांतले उतारे इंग्रजीत करून सरकारला धाडले. आज लंडनच्या दप्तरात आहेत ते हे उतारे. मूळ कागद जवळजवळ सगळे गेले. म्हंजे शिपायानं आपल्या बोलीत बायकोला जे सांगितलं ते साहेबाच्या भाषेत उरलं, कारण साहेबाला त्यात राजद्रोह हुंगायचा होता.

तरी ती माणसं पक्की. आपल्या पत्रावर कुणाकुणाची नजर आहे हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून ती लिहायची काळ्या मिरीबद्दल आणि लाल मिरचीबद्दल. काळी मिरी म्हंजे आपण, लाल मिरची म्हंजे गोरे. काळी मिरी किती खपली, किती उरली, हे घरच्यांनी ओळखायचं आणि धाकट्याला भरती होऊ द्यायचं नाही. राजकन्येनं मसाला धाडला आणि शिपायांनी मसाल्याच्याच भाषेत घरी खरं कळवलं. याला म्हणतात पत्र!

पण ही पत्रं कुणाची? शिखांची, पठाणांची, पंजाबी मुसलमानांची, राजपुतांची, गढवाल्यांची. त्या दप्तरात आपण का सापडत नाही?

कारण दरवाजाच बंद होता. आपले बापजादे कंपनीच्या मुंबई फौजेत लढले, सुभेदार झाले. मग रॉबर्ट्ससारख्या सेनापतींच्या डोक्यात लढाऊ जातींचं खूळ शिरलं आणि १८९२-९३ च्या सुमाराला महाराची भरती बंद झाली. दापोलीच्या गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली अर्ज तयार केला. शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० साली थेट विलायतेच्या मंत्र्याकडं अर्ज केला. अर्जांवर अर्ज. मग महायुद्धात माणसं कमी पडायला लागली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी केली. काम सरल्यावर १९२१ पर्यंत मोडून टाकली. पुन्हा दुसरं महायुद्ध आलं, बाबासाहेबांनी रेटा लावला, तेव्हा १९४१ साली बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. गरज पडली की शूर, गरज संपली की अस्पृश्य.

आपले व्याख्याते हा इतिहास सांगतात तेव्हा म्हणतात, आपली तलवार काढून घेतली. अर्धंच सांगतात. तलवारीबरोबर टाक काढून घेतला. बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय की पलटणीत शिक्षण सक्तीचं होतं. शिपायाच्या पोराला, आणि पोरीलासुद्धा. रामजी सुभेदार पलटणीच्या शाळेत मास्तर होते. गावकुसाबाहेरच्या माणसाला घरी चार ओळी लिहिता येतात आणि घरातल्या बाईला त्या वाचता येतात, हे पहिल्यांदा पलटणीनं करून दाखवलं. भरती बंद झाली तेव्हा पगार बंद झाला तसं पत्रही बंद झालं. १९१४ च्या नाताळात आपला आवाज दप्तरात नाही, तो याच्यामुळं. आपल्याला सांगायला काही नव्हतं म्हणून नाही.

आणि लिहिता आलं म्हणून पत्र पोचतं थोडंच? १९०१ सालची मसूर स्टेशनची हकीकत आपल्यातल्या पोरासोरालाही पाठ आहे. निवृत्त सुभेदार बाप कामाच्या गावी. सुट्टीत पोरं निघाली, साताऱ्याहून पत्र धाडलं, आम्ही येतोय. बापाच्या नोकरानं ते पत्र बापाला दिलंच नाही. स्टेशनवर न्यायला कुणी नाही. पोरं महार आहेत कळल्यावर गाडीवान मिळेना, वाटेत पाणी मिळेना. एका न पोचलेल्या पत्रानं नऊ-दहा वर्षांच्या भीमरावाला हा देश दाखवला. म्हणून पत्र ही भावनेची गोष्ट आहे असं मला कुणी सांगू नये. आपल्यासाठी पत्र ही पाण्याइतकी रोकडी गोष्ट आहे.

आणखी एक माणूस. सुखा. बरेलीचा. इंग्लंडातल्या ब्रोकनहर्स्ट गावी जखमी हिंदी शिपायांचं इस्पितळ होतं, तिथं झाडूवाला. १२ जानेवारी १९१५ ला वारला. म्हंजे त्याच पितळी डबीच्या नाताळानंतर १८ दिवसांनी. वय ३०. हकीकत अशी सांगतात की अस्पृश्य म्हणून हिंदूंनी त्याला जाळायला नकार दिला आणि आपला नाही म्हणून मुसलमानांनी पुरायला नकार दिला. शेवटी गावच्या पाद्र्यानं आपल्या चर्चच्या आवारात जागा दिली. गावकऱ्यांनी दगड बसवला. त्या दगडावर सुखाच्या घराचा पत्ता कोरलाय – मोहल्ला, गंगापूर, शहर बरेली. बाकीच्यांचा पत्ता लखोट्यावर असतो. आपल्या माणसाचा थडग्यावर.

इथवर मी साहेबाला आणि पांढरपेशाला बोललो. आता तुम्हाला बोलतो. राग आला तर येऊ दे.

१ जानेवारीला तुम्ही कोरेगावला जाता. मीही जातो. रात्री बाराच्या ठोक्याला मोबाइल वाजायला लागतो. शौर्य दिनाच्या शुभेच्छा! ढाल, तलवार, स्तंभ, वर सिंहाचं तोंड. एकाच दुकानात छापलेलं चित्र हजार हातांनी पुढं ढकललेलं. युद्धात गोऱ्या सरकारनं शिपायांना एक छापील कार्ड दिलं होतं. त्यावर ओळी तयार – मी बरा आहे, मी इस्पितळात आहे. नको ती ओळ खोडायची. वरनं आपलं एक अक्षर लिहिलं तरी कार्ड फाडून टाकणार. त्या शिपायावर जबरदस्ती होती. तुमच्यावर कुणाची जबरदस्ती आहे? तुम्ही का छापील ओळी पाठवता?

स्तंभाला मी खाली उतरवत नाही. १९२७ च्या १ जानेवारीला बाबासाहेब तिथं उभे राहिले, एवढं मला पुरे आहे. पण स्तंभावर काय आहे? मेलेल्यांची नावं आहेत. कंपनीच्या ४९ नावांत २२ ‘नाक’ शेवट असलेली. नाव म्हंजे बोलणं नव्हे. ती नावं कोरणाऱ्या कंपनीला मेलेला महार हवा होता, बोलणारा नको होता. आणि आपणही दोनशे वर्षांनी मेलेल्यालाच हार घालतो, बोललेल्याला विचारत नाही. साला, दगड धुतो दुधानं आणि कागद घालतो वाळवीच्या तोंडी!

कुठला कागद? तुमच्या घरातला. १९४१ नंतर ब्रह्मदेशापर्यंत गेलेले आपले लोक. मग १९६५, १९७१. गावोगाव, वाड्यावस्त्यांवर, झोपडपट्टीत. पत्र्याची काळी ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव. तिच्यात तळाला पेन्शनचे कागद, त्याखाली आंतर्देशीय पत्रं, मनिऑर्डरीची कुपनं. त्या कुपनावर दोन ओळींची जागा असायची. आपल्या शिपायाचा सण त्या दोन ओळींत मावायचा. पैसे पाठवलेत, पोरांना कापडं घ्या, म्हातारीला औषध आणा. यालाच मी शुभेच्छा म्हणतो. हिला डबी लागत नाही, राजकन्या लागत नाही.

आणि हे सारं वाचायचं कुणी? आपल्या म्हाताऱ्या सांगतात, पत्र चावडीवर पडायचं, वाचायला गावातल्या शिकलेल्याच्या पायरीखाली उभं राहावं लागायचं. नवऱ्यानं बायकोला लिहिलेलं पत्र आधी गाव ऐकायचा. म्हणून त्या पत्रात नुसतं ‘इकडील सर्व क्षेम, तिकडील क्षेम कळवावे’ एवढंच दिसतं. शहाणे म्हणतात, बघा, यांच्यात भावना नाही, नुसता मायना आहे. अरे, भावना होती म्हणूनच मायन्याआड दडवली! लिहिणारा परका, तपासणारा परका, वाचणारा परका. तिघांच्या नाकावर टिच्चून जे पोचलं ते आपलं साहित्य आहे. ते गोळा करायला विद्यापीठातनं कुणी येणार नाही.

ती पत्रं आपल्याला काय सांगतील? पत्राच्या माथ्यावर ‘श्री’ कधी गेला आणि ‘जयभीम’ कधी आला, ते सांगतील. १४ ऑक्टोबर १९५६ च्या आधीच्या ऑक्टोबरात शिपायानं घरी दिवाळीचं लिहिलं असेल, दसऱ्याचं लिहिलं असेल. मग त्याच माणसानं पुढच्या साली काय लिहिलं? घरातले देव काढून टाका असं लिहिलं का? बायकोनं उलट काय कळवलं? धर्मांतराचा इतिहास आपण व्यासपीठावरून ऐकतो. तो बरॅकीतनं एका माणसाच्या हातानं, अशुद्ध मराठीत, घरच्यांसाठी लिहिलेला वाचायला मिळाला तर त्याच्यापुढं दहा व्याख्यानं फिकी पडतील.

कुणी क्रांतिकारक मला म्हणेल, साम्राज्याच्या भाडोत्री शिपायांचं कौतुक कशाला? मी कौतुक करतच नाही. कोरेगाव असो की फ्रान्स, लढाई राजाची होती, पोट आपलं होतं. मला त्याचं शौर्य नको, त्याचं म्हणणं हवंय. त्यानं घरी काय कळवलं हे कळल्याशिवाय तो भाडोत्री होता की बंडखोर, हे तू कोण ठरवणारा?

म्हणून काम सांगतो. सोपं आहे, पैसे लागत नाहीत.

आपल्या वस्तीत ज्या घरात पलटणीतला माणूस होता त्या घरी जा. म्हातारा असेल तर त्याच्याजवळ बसा. तो नसेल तर त्याच्या बायकोजवळ बसा, ती जास्त सांगेल. पत्र मागू नका, बघायला मागा. मूळ कागद घराबाहेर नेऊ नका. आजवर आपल्याकडनं जे जे बघायला म्हणून नेलं ते परत आलेलं नाही. तिथंच बसून वहीत उतरवून घ्या. ऱ्हस्व-दीर्घ सुधारू नका. चूक त्याची आहे, ती त्याचीच राहू द्या. तारीख, ठिकाण, शिक्का लिहा. पत्र नसेल आणि आजीला पाठ असेल तर तेही लिहा. घरच्यांना विचारल्याशिवाय नाव छापायचं नाही. आणि पलटणीतला शिपाईच नव्हे, झाडूवाला, धोबी, मोची, स्वयंपाकी – मसाल्याच्या डब्याच्या रांगेत ज्याला उभं केलं तो प्रत्येकजण आपला आहे. त्याचं पान आधी.

आणि घाई करा. ब्रह्मदेशातनं परतलेली पिढी जवळजवळ सगळी संपली. १९७१ चा जवान आज सत्तरी ओलांडून गेलाय. पावसाळ्यात घर गळतं तेव्हा ट्रंक आधी भिजते.

सुरुवात येत्या २५ डिसेंबरला करा. ती तारीख आपली आहे, राजकन्येच्या डबीमुळं नाही. १९२७ साली त्याच तारखेला महाडला बाबासाहेबांनी मनुस्मृती जाळली. कुठला कागद जाळायचा हे आपल्याला तेव्हाच कळलं. कुठला कागद जपायचा हे अजून कळायचंय. २५ डिसेंबर ते १ जानेवारी, मधे एक आठवडा आहे. त्या आठवड्यात एका ट्रंकेचं झाकण उघडा आणि वही घेऊन कोरेगावला या. तिथं मला भेटाल तेव्हा छापील शुभेच्छा देऊ नका. वही दाखवा.

जयभीम.